हौसेचे मोल : किनवट आणि तेलाचे भाव

‘हौसेला मोल नसते’ ही म्हण मराठी माणूस दोन प्रसंगी वापरतो. एक तर स्वतः खर्च करून बसल्यावर समर्थनार्थ, नाही तर शेजाऱ्याने केलेल्या खर्चाकडे पाहून उपरोधाने. दोन्ही वेळी म्हणीचे गृहीतक एकच असते : व्यवसायाला जमाखर्च असतो, हौसेला नसतो. प्रस्तुत लेखात आम्हांला या गृहीतकाची थोडी उलटतपासणी करावयाची आहे, आणि साक्षीदार म्हणून आम्ही इंधनाच्या भावाला पाचारण करणार आहोत. इंधन महागले की मालमोटारीचे भाडे वाढते, भाजी महागते, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यावर अग्रलेखही पुष्कळ लिहिले गेले. परंतु गावातील नाटकाची तालीम, जत्रेतील तंबूतला सिनेमा, चहाची टपरी, रात्री कंदिलापाशी चालणारे वाचन यांच्यावर त्या भावाने कोणते संस्कार केले, याचा इतिहास आपल्याकडे जवळजवळ लिहिलाच गेलेला नाही. साहित्याच्या अभ्यासकाला तो परका वाटू नये, कारण साहित्य ही देखील बहुतांशी हौसेच्याच खर्चाने चालणारी गोष्ट आहे.

या विचारासाठी आम्ही किनवट निवडले, त्याला कारण आहे. नांदेड जिल्ह्याच्या ईशान्य टोकाचे हे तालुक्याचे गाव पैनगंगेच्या काठी, सागाच्या जंगलाच्या कुशीत आहे. गोंड, परधान, कोलाम, आंध या आदिवासी समाजांची व बंजाऱ्यांच्या तांड्यांची वस्ती तालुकाभर विखुरलेली. जिल्ह्याचे ठिकाण सव्वाशे किलोमीटरांहून दूर. शेजारच्या राज्यातले आदिलाबाद मात्र त्याहून पुष्कळ जवळ. १९५६ पर्यंत तर किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्याचाच भाग होता. त्या वर्षीच्या राज्य पुनर्रचनेत किनवट व राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ तत्कालीन मुंबई राज्यात आले. म्हणजे हे गाव सतत कोणत्या ना कोणत्या सीमेवर राहिले. इंधनाच्या बाबतीत सीमेवर आणि टोकाला राहणे याचा अर्थ फार व्यावहारिक असतो : तेल सर्वांत शेवटी पोचते, आणि वाटेतले सगळे खर्च अंगावर घेऊन पोचते.

तेलाची तीन नावे

खनिज तेल येण्यापूर्वी या पट्ट्यातील दिवा रानावर आणि शेतावर जळत असे. करंज, मोह, जवस, करडई यांची तेले घाण्यावर निघत. अशा दिव्याचा भाव पावसावर आणि पिकावर ठरे. समुद्रापलीकडच्या घडामोडींशी त्याचा संबंध नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे बदलले. आधी अमेरिकेचे, मग १८९२ पासून सुएझ कालव्यातून टाकीच्या जहाजांनी येणारे रशियाचे, आणि १८८६ साली स्थापन झालेल्या बर्मा ऑइल कंपनीचे ब्रह्मी तेल भारताच्या बाजारात उतरले. त्याला मराठीत तीन नावे पडली. ‘मातीचे तेल’ हे नाव हैदराबादी बोलीच्या शेजाराने मराठवाड्यात रुळले. ‘घासलेट’ हा ‘गॅसलाइट’चा, तर ‘रॉकेल’ हा ‘रॉक ऑइल’चा अपभ्रंश मानला जातो. पहिल्या नावात वस्तूचा उगम आहे, दुसऱ्यात तिचा उपयोग, आणि तिसऱ्यात डब्यावरची अक्षरे. परकी वस्तू घरात कशी मुरते याचा एवढा नेमका पुरावा भाषेखेरीज अन्यत्र क्वचितच सापडेल.

त्या काळी पैनगंगेच्या पलीकडे इंग्रजी अंमलाखालचा वऱ्हाड होता, तर अलीकडे निझामाचे राज्य. निझामाचे जकात खाते ‘करोडगिरी’ या नावाने ओळखले जाई, आणि चलन हाली सिक्क्याचे. मुंबईच्या बंदरातून निघालेल्या तेलाला किनवटपर्यंत येताना राज्याची वेस ओलांडावी लागे. सीमेमुळे तेलाचा भाव बदलतो, हा अनुभव किनवटला विक्रीकराच्या किंवा मूल्यवर्धित कराच्या युगाच्या कितीतरी आधीपासून आहे.

१९२७ साली एक चमत्कारिक गोष्ट घडली. न्यूयॉर्कची स्टँडर्ड ऑइल कंपनी सोव्हिएत रशियाचे तेल घेऊन भारतात विकते, याचा राग येऊन रॉयल डच-शेलचे प्रमुख हेन्री डेटरडिंग यांनी भारताच्याच बाजारपेठेत भावयुद्ध पुकारले. त्यातून उठलेल्या तक्रारींची १९२८ साली टॅरिफ बोर्डाला चौकशी करावी लागली. दोन परदेशी कंपन्यांच्या भांडणात भारतीय चिमणीतले तेल स्वस्त झाले. योगायोग असा, की याच सुमारास हिंदी साहित्यात ‘घासलेटी साहित्य’ हा शब्दप्रयोग गाजला. पांडेय बेचन शर्मा ‘उग्र’ यांचे ‘चाकलेट’ १९२७ साली प्रसिद्ध झाले, आणि ‘विशाल भारत’चे संपादक बनारसीदास चतुर्वेदी यांनी अशा लेखनाविरुद्ध या शब्दाने मोहीम चालविली. स्वस्त, दुर्गंधीयुक्त, भडकणारे ते घासलेटी! रूपक प्रभावी होते यात शंका नाही. पण ज्या वस्तूच्या स्वस्ताईवरून हा तिरस्कार उचलला, तिच्याच स्वस्ताईने सामान्य स्थितीतल्या माणसाला दिवसाचे काम आटोपल्यावर वाचण्याची सोय करून दिली होती, हे त्या वादात कोणाच्या ध्यानी आल्याचे दिसत नाही. उच्चभ्रू अभिरुचीला घासलेटाचा वास आला. त्याचा उजेड मात्र तिने हिशेबात धरला नाही.

रंगून पडले आणि कंदील मंदावला

दुसऱ्या महायुद्धात १९४१ साली भारतात पेट्रोलवर नियंत्रण आले. मार्च १९४२ मध्ये रंगून जपानच्या हाती गेले आणि माघार घेताना इंग्रजांनी तेथील तेलशुद्धीकरणाचा कारखाना व पुढे तेलविहिरी स्वतःच उद्ध्वस्त केल्या. भारतात जळणाऱ्या रॉकेलचा मोठा वाटा ब्रह्मदेशातून येत असे. तो एका हंगामात बंद झाला. रॉकेल शिधापत्रिकेवर गेले. कोणत्याही दूरच्या लढाईचा परिणाम खेड्यातील ओसरीवर इतक्या थेटपणे पोचण्याची ही बहुधा पहिलीच वेळ.

या टंचाईने जे उपाय सुचविले त्यांत कोळशाच्या वायूवर चालणारी मोटार प्रसिद्ध आहे. गाडीच्या मागे भट्टी बसवून लाकडी कोळशापासून निघणारा वायू इंजिनाला पुरवीत. भट्टी पेटवायला वेळ लागे, चढावर गाडीचा जीव जाई, आणि प्रवासी काजळून उतरत. तरी भारतभर अशा गाड्या धावल्या. हैदराबाद संस्थानात रेल्वेच्याच खात्याने १९३२ साली २७ गाड्यांनिशी प्रवासी मोटारसेवा सुरू केली होती; युद्धकाळातील इंधनटंचाईचा फेरा अशा सर्वच सेवांना सोसावा लागला.

येथे आम्हांला जंगलाकडे लक्ष वेधावयाचे आहे. तेल दुर्मिळ वा महाग झाले की भार लाकडावर येतो. किनवटसारख्या जंगलपट्ट्यात हा नियम केवळ पुस्तकी राहत नाही. डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन बाजाराच्या गावी येणारी स्त्री ही तेथील सर्वांत लहान इंधन-व्यावसायिक होय. रॉकेल महागले की तिच्या मोळीला गिऱ्हाईक वाढते, म्हणजे तिचा फायदा व्हावा. प्रत्यक्षात मोळीमागे चालावे लागणारे अंतर वाढते, वनरक्षकाची भीती वाढते, आणि गावाजवळचे रान विरळ होत जाते. १९२७ च्या वन कायद्याने तिच्या या धंद्यावर कायमची संशयाची छाया टाकलेली. वनहक्काचा कायदा यायला २००६ साल उजाडावे लागले. तेलाच्या भाववाढीचा बोजा शेवटी कोण वाहतो, या प्रश्नाचे उत्तर येथे अक्षरशः डोक्यावर ठेवलेले दिसते.

तालमीचे तेल

आता हौसेच्या मूळ प्रश्नाकडे वळू. वीज येण्यापूर्वी गावातील रात्रीचा प्रत्येक कार्यक्रम गॅसबत्तीवर चाले. नाव गॅसबत्ती, पण आत रॉकेल. पंप मारून टाकीत हवेचा दाब द्यायचा, तेलाची वाफ करायची आणि ती जाळीच्या टोपडीवर जाळायची. लग्नाची वरात, भजनी सप्ता, गणपतीतले नाटक, सगळीकडे ही बत्ती भाड्याने आणली जाई, आणि ती पेटविणारा, टोपडी बांधणारा, पहाटेपर्यंत पंप मारणारा माणूस हा गावातला मान्यताप्राप्त व्यावसायिक असे. हौशी मंडळी आणि छोटा धंदेवाईक यांची गाठ येथे पडते. एकाची हौस हे दुसऱ्याचे पोट, आणि दोहोंच्या मधे तेल.

मोठी गॅसबत्ती एक लिटर तेलावर साधारण आठ तास जळते. या एका आकड्यावरून एक छोटा हिशेब मांडून पाहू. समजा, गावातल्या तरुणांनी नाटक बसवायचे ठरविले. महिनाभर रोज रात्री तीन तास तालीम, एका बत्तीवर. म्हणजे ९० तास, सुमारे ११ लिटर तेल. प्रयोगाच्या रात्री सहा बत्त्या, सहा तास : ३६ तास, साडेचार लिटर तेल. तालमीला प्रयोगाच्या दुपटीहून अधिक तेल लागले. आता तेल महाग झाले तर मंडळी काय करतील? प्रयोग रद्द करणार नाहीत. वर्गणी गोळा झालेली असते, गाव वाट पाहत असते, अब्रूचा प्रश्न असतो. ती तालमी कमी करतील. तीस रात्रींच्या वीस होतील, विसांच्या बारा.

हा हिशेब कल्पित असला तरी त्यातून निघणारा नियम आम्हांला महत्त्वाचा वाटतो. भाववाढ हौसेवर आघात करते तो तिच्या न दिसणाऱ्या भागावर. उत्सव टिकतो, तयारी आक्रसते. त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला काही बिघडल्याचे कळत नाही. नाटक झाले, टाळ्या पडल्या, फोटो निघाले. पाठांतर कच्चे होते, नवे संहितालेखन धाडसाचे नव्हते, गेल्या वर्षीचेच नाटक पुन्हा काढले, याचे कारण कोणी तेलात शोधत नाही. निझामी अंमलात मराठवाड्यातील सभासंमेलनांवर परवानगीचा जाच होता. ‘गश्ती निशाण ५३’ हे फर्मान त्यासाठी कुप्रसिद्ध आहे. त्या जाचाची नोंद इतिहासाने घेतली, आणि घ्यायलाच हवी होती. तेलाच्या भावाने जी मूक परवानगी नाकारली तिचे मात्र फर्मान निघाले नाही, म्हणून नोंदही झाली नाही.

१९७३ : इंजिन, फड आणि कागद

स्वातंत्र्यानंतर खेड्यात नवे तेल आले : डिझेल. १९४६ साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली, आणि पुढच्या दोन दशकांत तिचे व तसल्या अन्य कंपन्यांचे इंजिन विहिरीवर आणि पिठाच्या गिरणीत बसले. दुपारी गावाबाहेरून येणारा गिरणीचा ठेकेबद्ध आवाज ही त्या पिढीची एक स्मृतीच होय. गिरणीवाल्याचे दर पायलीवर ठरत आणि ते गावाच्या डोळ्यांसमोर असत; डिझेलचे दर दिल्लीत ठरत. या दोन दरांच्या मधल्या फटीत त्याचा संसार बसलेला असे.

१९७२ च्या दुष्काळाने मराठवाडा होरपळलेला असतानाच ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटले आणि खनिज तेल पिंपामागे ३ डॉलरांवरून काही महिन्यांत १२ डॉलरांच्या घरात गेले. रॉकेलसाठी डबे घेऊन रांगा लागल्या. तमाशाचे फड आणि तंबूतले सिनेमे यांनी नुकतीच बैलगाडी सोडून मालमोटार आणि जनित्र धरले होते. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा अशा फडांची मोठी पेठ. मोठा फड म्हणजे शंभराहून अधिक माणसे, सामानाच्या गाड्या, दिव्यांसाठी जनित्र. नारायणगावच्या राहुट्यांत सुपारी ठरते तेव्हा पुढच्या हंगामाचे डिझेल काय भावाने मिळेल हे कोणालाच ठाऊक नसते. सुपारीची रक्कम मात्र पक्की झालेली असते. भाव वाढला तर तोटा फडमालकाचा, आणि फडमालकाकडून तो उचल घेतलेल्या कलावंताकडे सरकतो. तंबूतल्या सिनेमाचेही तसेच. २०१६ साली कान महोत्सवात गौरविल्या गेलेल्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या महाराष्ट्रातील फिरत्या चित्रपटगृहांवरील माहितीपटामुळे जगाला या धंद्याची अखेर दिसली. त्या अखेरीला दूरचित्रवाणी आणि डिजिटल प्रक्षेपण ही कारणे होतीच. पण ज्या धंद्याचे चाक आणि पडद्यावरचा उजेड ही दोन्ही एकाच टाकीतून चालतात, त्याला तेलाची भाववाढ दुहेरी लागते, हेही विसरून चालणार नाही.

याच १९७३-७४ मध्ये वृत्तपत्रीय कागदाची जगभर टंचाई झाली आणि कागद कडाडला. मराठीतील लघुनियतकालिकांची चळवळ, जी १९५० च्या दशकाच्या मध्यास ‘शब्द’पासून सुरू झाली असे मानतात, ती सत्तरीच्या मध्यापर्यंत ओसरली. तिच्या ओसरण्याची वाङ्मयीन व वैचारिक कारणे समीक्षकांनी विस्ताराने सांगितली आहेत आणि ती खोटी नाहीत. परंतु ही नियतकालिके खिशातल्या पैशाने, हौसेने निघत होती. जाहिरातींवर जगणाऱ्या मोठ्या मासिकाने वाढलेला खर्च वर्गणीत मिळविला. खिशातून निघणाऱ्या अंकाला तो मार्ग नव्हता. चळवळ कागदाच्या भावाने संपली असे आम्ही म्हणणार नाही. तिच्या मृत्यूच्या दाखल्यावर हे एक कारण नोंदवायचे राहून गेले, एवढेच आमचे म्हणणे.

अंधाराचे नियोजन

वीज आली म्हणून तेलाची सत्ता संपली, असे झाले नाही. २००५ नंतरची काही वर्षे महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात भारनियमनाने कहर केला. दिवसाचे कित्येक तास, कोठे कोठे बारा तासांहून अधिक, वीज नसे. झेरॉक्सचे दुकान, छायाचित्रांचा स्टुडिओ, संगणकाचे वर्ग हे सारे वीज गृहीत धरून कर्ज काढून उभे राहिलेले धंदे. त्यांच्या दारात जनित्र आले. पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायची छोटी जनित्रे ही त्यातलीच एक युक्ती. ज्याला आपण विजेवरचा धंदा समजत होतो, तो पुन्हा तेलावरचा धंदा झाला. त्याच काळात, जुलै २००८ मध्ये, खनिज तेलाने पिंपामागे १४७ डॉलरांचा उच्चांक गाठला.

या साऱ्या काळात रेशनच्या रॉकेलचा भाव डिझेलच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास ठेवलेला होता. हेतू गरिबाच्या चुलीचा व दिव्याचा. परिणाम असा, की ते निळे तेल गरिबाच्या डब्यात जाण्याऐवजी टँकरमध्ये जाऊ लागले. दोन भावांतले अंतर हाच एक धंदा झाला. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडी येथे भेसळ पकडण्यास गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळखोरांनी जिवंत जाळले. मराठवाड्याच्या मोठ्या भागाला इंधन पुरविणारे साठे याच पानेवाडीत आहेत. तेलाच्या भावाची चर्चा पैशांत करण्याची आपल्याला सवय आहे. त्या भावाने एका प्रामाणिक अधिकाऱ्याचा प्राण घेतला, ही गोष्ट कोणत्याही दरपत्रकात मावत नाही.

पुढे जुलै २०१६ पासून रॉकेल थोडेथोडे महाग करत नेले गेले आणि २०२० पर्यंत त्याचे अनुदान संपले. मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली. घरातल्या चुलीची जागा गॅसने घ्यावी हा तिचा उद्देश. टपरीवाल्याला मात्र घरगुती टाकी वापरण्याची मुभा नाही. त्याने १९ किलोंची व्यापारी टाकी घ्यावी असा नियम, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये त्या टाकीने दिल्लीतच दोन हजारांचा पल्ला ओलांडला. रॉकेलचा स्टोव्ह गेला, व्यापारी गॅस परवडत नाही. मधल्यामध्ये पुन्हा सरपण. म्हणजे पुन्हा ती मोळी.

बातमीचे हवामान झाले

तेलाचे भाव ठरविण्याची पद्धत गेल्या पाव शतकात पायरीपायरीने बदलली. १ एप्रिल २००२ रोजी सरकारी भावनियंत्रणाची जुनी व्यवस्था औपचारिकरीत्या मोडली. जून २०१० मध्ये पेट्रोल आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेल नियंत्रणमुक्त झाले. १६ जून २०१७ पासून भाव रोज बदलू लागले. पूर्वी भाववाढ ही घटना असे. रात्री बारापासून वाढ लागू, म्हणून संध्याकाळी पंपावर झुंबड. दुसऱ्या दिवशी मोर्चा, बैलगाडीतून आलेले पुढारी, अग्रलेख. रोजच्या वीस-तीस पैशांनी ही नाट्यमयता संपविली. भाव हे हवामानासारखे झाले. पाहायचे, सुस्कारा टाकायचा, कामाला लागायचे. मात्र हे हवामानही सर्वस्वी निसर्गाधीन नव्हते. पाच राज्यांच्या निवडणुकांच्या काळात, नोव्हेंबर २०२१ पासून साडेचार महिने, ते निश्चल राहिले, आणि २२ मार्च २०२२ नंतरच्या सोळा दिवसांत पेट्रोल-डिझेल लिटरमागे दहा रुपयांनी वाढले.

या काळात मराठवाड्याचे नाव एका नकोशा कारणाने देशभर झाले. सप्टेंबर २०१८ मध्ये परभणीत पेट्रोलने मुंबईच्या आधी नव्वदी गाठली, आणि मे २०२१ मध्ये शंभरीही मुंबईच्या आधीच. कारण साधे : साठ्यापासूनचे अंतर. सर्वांत महाग पेट्रोल श्रीमंत शहरात असेल अशी आपली समजूत. प्रत्यक्षात ते वाटेच्या टोकाला असते. परभणीच्याही पुढे नांदेड, आणि नांदेडपुढे किनवट.

वाढ पुढे ढकलण्याचा अधिकार

ऑक्टोबर २०२१ मध्ये एस.टी. महामंडळाने डिझेलच्या भावाचे कारण देऊन भाडे १७.१७ टक्क्यांनी वाढविले. दोन दशांश स्थळांपर्यंत नेमकी अशी ही वाढ. येथेच मोठ्या आणि छोट्या व्यवसायातला खरा फरक दिसतो. मोठी संस्था आपला बोजा टक्केवारीत मोजून पुढे ढकलू शकते. चहावाल्याला १७.१७ टक्के वाढ करता येत नाही. त्याचा दर नाण्यांनी बांधलेला आहे. तो वर्षानुवर्षे थांबतो, मधल्या काळात कप लहान करतो, दुधात हात आखडतो, आणि एके दिवशी भीतभीत दर वाढवितो. माहूरच्या यात्रेकरूंवर जगणारा काळी-पिवळीचा चालक भाडे वाढविण्याऐवजी माणसे वाढवितो. बोजा अपघाताच्या शक्यतेत रूपांतरित होतो. लग्नाची ऑर्डर घेणारा छायाचित्रकार दूरच्या तांड्यावरचे काम नाकारतो. छोट्या व्यवसायातली भाववाढ ही अशी आकड्यात न दिसता आकारात, दर्जात आणि अंतरात दिसते.

हौशी माणसाला तर बोजा ढकलण्यास पुढे कोणीच नसतो. १९५४ पासून चालत आलेल्या राज्य नाट्यस्पर्धेत ‘हौशी’ आणि ‘व्यावसायिक’ असे रीतसर वर्ग आहेत. शासनाने हौसेला दिलेली ही अधिकृत मान्यताच. पण तालुक्याच्या गावच्या संघाला नांदेडच्या केंद्रावर नेपथ्यासह पोचायचे असेल तर टेम्पोचे भाडे त्याच रस्त्याने त्याच दराने द्यावे लागते, ज्याने मालमोटार जाते. पैनगंगा अभयारण्यात पक्षी पाहायला जाणारा शिक्षक, सहस्रकुंडचा धबधबा पावसाळ्यात कॅमेऱ्यात धरू पाहणारा तरुण, शंकरपटासाठी खोंडे पिकअपमध्ये घालून नेणारा शेतकरी, यांच्या हिशेबात पेट्रोल-डिझेल हा खर्च फक्त जमेविना असतो. भाव वाढला की त्यांच्यापुढे दोनच वाटा : फेऱ्या कमी करणे, किंवा हौसेचा धंदा करणे. छायाचित्रांचा नाद असलेला तरुण पेट्रोलपुरते निघावे म्हणून वाढदिवसांच्या ऑर्डरी घेऊ लागतो. वर्षभरात धबधबा सुटतो आणि वाढदिवस उरतात. हौशी आणि व्यावसायिक यांच्यामधली रेघ वृत्तीने पडते असे आपण समजतो. किनवटसारख्या गावी ती पुष्कळदा पंपावर पडते.

याला एक अपवाद सांगितला पाहिजे. दिवाळीच्या सुमारास गोंडांची दंडारी निघते. गुसाडी मोरपिसांचे मुकुट घालून नाचतात, आणि एका गावचे पथक दुसऱ्या गावी पाहुणे म्हणून जाते. किनवट ज्या आदिलाबाद जिल्ह्यात तेव्हा होते, तेथील राजगोंडांचा क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात, म्हणजे ऐन तेलटंचाईच्या काळात, अभ्यास केला. ही परंपरा मुळात पायांवर आणि यजमान गावाच्या धान्यावर उभी होती. तिचा खर्च मोठा होता, पण तो गावांनी आपसांत वाटून घेतलेला होता. परक्या बाजाराच्या हाती त्याची किल्ली नव्हती. सर्वांनी पुन्हा पायी चालावे असा उपदेश यातून आम्हांला करावयाचा नाही. दवाखान्याला, शाळेला, बाजाराला जाण्यासाठी याच वस्त्यांना गाडी सर्वांत अधिक हवी आहे. एवढेच दिसते, की हौस टिकते ती खर्च नसल्यामुळे नव्हे, तर खर्च वाटून घेणारे कोणी असल्यामुळे.

म्हणून ‘हौसेला मोल नसते’ ही म्हण आम्ही थोडी वेगळी वाचतो. हौसेला मोल असते. तिला भाव मिळत नाही. इतिहासलेखकाला तेलाचे भाव शासकीय राजपत्रात, कंपन्यांच्या अहवालांत, वृत्तपत्रांच्या संचिकांत मिळतील. न झालेल्या तालमी, न निघालेले अंक, न गाठलेली जत्रा यांची नोंद तेथे नाही. ती सापडलीच तर गणेशमंडळांच्या वर्गणीवह्यांत, गॅसबत्तीवाल्याच्या भाड्याच्या चोपडीत, बंद पडलेल्या वाचनालयाच्या किर्दीत ‘रॉकेल’ या शीर्षकाखाली सापडेल. हे कागद रद्दीत जाण्याच्या बेतात आहेत. मराठवाड्याच्या रंगभूमीवर, लघुनियतकालिकांवर किंवा वाचनसंस्कृतीवर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी संहितेइतकाच वेळ अशा एखाद्या वहीला द्यावा, आणि त्यांच्या मार्गदर्शकांनी तो देऊ द्यावा, अशी आमची विनंती आहे.